ग्रामसभेत जागेचं भांडण: काय मिळतं, काय मिळत नाही

जागेचा वाद घेऊन ग्रामसभेत जावं की नाही, हे आधी एका प्रश्नावर ठरतं: जागा कोणाची? जागा सगळ्यांची असेल, म्हणजे रस्ता, बोळ, गटार, पाणंद, गावठाणातली मोकळी जागा, गायरान (गावची चराईची जमीन), तर ग्रामसभेइतकं जवळचं आणि स्वस्त ठिकाण दुसरं नाही. जागा खासगी असेल, दोन भावांची किंवा दोन शेजाऱ्यांची, तर तिथून मिळणारा ठराव मालकीच्या कामाचा नसतो. तरीही पुढच्या सभेत निकाल लागेल या आशेवर लोक सहा-सहा महिने काढतात. ते सहा महिने किती महागात पडतात, ते पुढे सांगतो. या आढाव्यात ग्रामसभा, ग्रामपंचायतीचं दप्तर आणि त्याला जोडून येणारी भूमी अभिलेख व तहसीलची सेवा, हे सगळं जागेच्या वादापुरतं तपासलं आहे.

आधी सभेचे नियम. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ प्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास होतात. नियमित सभेची नोटीस सात दिवस आधी आणि दवंडी किंवा फलकावरून सूचना, अशी पद्धत आहे. नियमित सभेआधी महिलांची सभा घेणंही बंधनकारक आहे, आणि जागेच्या वादात ही सभा फार कामाची ठरू शकते: वापराचा बोळ बंद झाला, नळकोंडाळ्याकडची वाट अडली, असे विषय तिथे मोकळेपणाने निघतात आणि पुढच्या ग्रामसभेत मांडले जातात.

गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तो. म्हणजे ४०० मतदारांच्या गावात ६० माणसं लागतात. १,२०० मतदारांच्या गावात १५ टक्के १८० होतात, पण १०० पुरतात. एवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. नेमकं इथेच लोक फसतात. सभा तहकूब झाली म्हणून ज्यांचा विषय होता तेच घरी जातात, पुढच्या तारखेला दहा-बारा जण बसतात आणि ठराव होऊन जातो. तहकुबी जाहीर होताच पुढची तारीख, वेळ आणि जागा फलकावर लिहायला लावा, त्या फलकाचा फोटो काढून ठेवा.

ग्रामसभेचे सभासद म्हणजे गावच्या मतदार यादीतले लोक. घर गावात, पण मतदान पुण्या-मुंबईला नोंदवलेलं, अशा मालकाला सभेत मत नाही. त्याने लेखी अर्ज द्यावा आणि गावात नाव असलेल्या आई-वडिलांनी, बहिणीने, भावाने तो विषय मांडावा. नुसतं "मी इथला घरमालक आहे" म्हणून हात वर करायला गेलात आणि कुणी मतदार यादी काढली, तर विषय बाजूला राहून वाद तुमच्यावरच येतो.

आता विषय पत्रिकेवर कसा आणायचा. सभेत उभं राहून बोललेलं कुठेच उरत नाही, अर्ज लागतो. नोटीस निघण्याआधी, म्हणजे सभेच्या दहा-बारा दिवस अलीकडे, ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (आधीच्या ग्रामसेवकाच्या) नावे दोन प्रतींत अर्ज द्या. एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्या. अर्जात एकच विषय ठेवा. सोबत लागतं ते असं: तुमच्या घराचा नमुना ८ (कर आकारणी नोंदवही) चा उतारा, फुटांत मापं टाकलेला हातनकाशा, तारीख दिसेल असे फोटो, आणि आधी तक्रारी केल्या असतील तर त्यांच्या आवक क्रमांकांची यादी. आवक द्यायला टाळाटाळ झाली तर हुज्जत घालत बसू नका. त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या.

अर्ज उशिरा गेला तर विषय "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" यात ढकलला जातो. तो शेवटी येतो, तोवर अर्धी सभा उठलेली असते, आणि ज्याच्याविरुद्ध ठराव झाला तो पुढे म्हणतो की मला या विषयाची सूचनाच नव्हती. त्याचं हे म्हणणं वरच्या कार्यालयात ऐकलं जातं. म्हणून मूळ पत्रिकेतच विषय आला पाहिजे.

ठरावाची भाषा हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. गावोगावच्या इतिवृत्तात असं वाक्य सापडतं: "सदर जागा अमुक यांचीच असल्याचे ग्रामसभेने सर्वानुमते मान्य केले." हे वाक्य लिहिणाऱ्याला समाधान देतं, पण त्याला वजन नाही. मालकी ठरवणं हे दिवाणी न्यायालयाचं काम; ग्रामसभेला तो अधिकार कायद्याने दिलेलाच नाही. शंभर जणांनी हात वर केले म्हणून कुणाची भिंत कुणाची होत नाही. उलट सार्वजनिक जागेबाबत ठराव असा लिहून घेतला तर तो चालतो (नमुना २३ म्हणजे ग्रामपंचायतीची रस्त्यांची नोंदवही, कलम ५३ म्हणजे अडथळा काढण्याचा अधिकार):

"मालमत्ता क्र. अमुक ते अमुक यांमधील सार्वजनिक बोळाची नोंद नमुना २३ मध्ये आहे. नोंदीप्रमाणे रुंदी इतके फूट असून आज रोजी इतके फूट शिल्लक आहे. सदर बोळाची मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून करून घेण्यास, मोजणी फी ग्रामनिधीतून भरण्यास आणि अडथळा आढळल्यास कलम ५३ प्रमाणे नोटीस देऊन कारवाई करण्यास मंजुरी देण्यात येते. कार्यवाही ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ३० दिवसांत करून पुढील सभेत अहवाल ठेवावा."

त्याखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं, विरोध असेल तर विरोधकांची नावं आणि मतांची मोजणी. जागेचं वर्णन, दप्तरातला आधार, करायचं काम, पैसा कुठून, कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढं सगळं त्यात आलं पाहिजे. यातलं एक जरी गळलं तरी ठराव वहीत पडून राहतो. पैशाची तरतूद न लिहिलेला ठराव तर हमखास अडतो, कारण मोजणीची फी कुठल्या खात्यातून भरायची यावरच तो थांबतो. म्हणून अर्जातच ठरावाचा मसुदा लिहून द्या. सभेत तो वाचून दाखवता येतो आणि लिहिणाऱ्याचंही काम हलकं होतं.

इतिवृत्ताच्या वहीकडे डोळ्यात तेल घालून बघा. हजेरीच्या सह्या सभेच्या सुरुवातीला होतात आणि ठराव मागाहून लिहिले जातात. मध्ये कोऱ्या ओळी किंवा अर्धं पान सोडलेलं असतं. तिथे नंतर काय भरलं जाईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. सभा संपण्याआधी तुमच्या विषयाचा ठराव क्रमांक वहीत टाकून, मजकूर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. सभेचं चित्रीकरण होत असेल तर हे वाचन त्यात आलं पाहिजे. दुसऱ्याच दिवशी ठरावाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका. एवढं केलं की मजकूर बदलायला वाव राहत नाही.

आता नमुना ८. गावठाणातल्या नव्वद टक्के गैरसमजांचं मूळ हा कागद आहे, असं म्हटलं तरी चालेल. नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही. त्यात मालमत्ता क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटा करणाऱ्याचं नाव, बांधकामाचं वर्णन (मातीचं, दगड-विटांचं, सिमेंटचं), क्षेत्रफळ, भांडवली मूल्य, कराचा दर आणि घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर असे रकाने असतात. मालकाचा रकाना आहे म्हणून लोकांना तो मालकीचा पुरावा वाटतो. तो घरपट्टी कोणाकडून वसूल करायची याचा कागद आहे. न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. सातबाऱ्याचीही तीच गोष्ट: महसुली नोंद मालकी देत नाही, खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, वारसाहक्क किंवा न्यायालयाचा हुकूमनामा यातून मालकी येते, आणि नोंद त्यामागून चालते.

पण पुरावा म्हणून नमुना ८ ला किंमत नाही, असंही नाही. वीस-तीस वर्षांचे सलग उतारे आणि घरपट्टीच्या पावत्या (नमुना १०) ताबा दाखवतात, आणि दिवाणी दाव्यात ताबा हा निम्मा वाद असतो. म्हणून जुने उतारे मागा, फक्त चालू वर्षाचा नको. लोकसेवा हक्क कायद्याखाली नमुना ८ चा उतारा ५ दिवसांत, २० रुपयांत मिळायला हवा. नाही मिळाला तर त्याच कायद्यात अपील आहे.

उताऱ्यात सर्वांत जास्त चुका तीन ठिकाणी होतात. पहिली, वारसनोंद: वडील गेल्यावर एकाच मुलाचं नाव लागतं आणि आई-बहिणींची नावं गळतात. हा अन्याय नजरचुकीच्या नावाखाली खपून जातो, आणि पुढे ते घर विकायला काढलं की बहिणीला दावा लावावा लागतो. वारसनोंदीचा अर्ज देताना सगळ्या वारसांची नावं, मृत्यू दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडा. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठराव होण्याआधी हरकतीची सूचना सगळ्या वारसांना गेली का, ते बघा. दुसरी चूक, क्षेत्रफळ: आकारणीच्या वेळी टेप न लावता अंदाजाने आकडा टाकतात, मागची मोकळी जागा, गोठा, ओसरी कधी धरतात तर कधी सोडतात. चार वर्षांनी फेरआकारणी होते तेव्हाच हे दुरुस्त करायची उत्तम संधी असते. यादी प्रसिद्ध होते, हरकतीची मुदत असते; तिथे गप्प बसलात तर पुढच्या फेरीपर्यंत तोच आकडा चालतो. आकारणीबद्दल पंचायत समितीकडे अपील करता येतं. तिसरी, भोगवटादाराचा रकाना: भाडेकरूचं किंवा राहायला दिलेल्या नातेवाइकाचं नाव तिथे लागतं आणि काही वर्षांनी ते मालकाच्या रकान्यात सरकलेलं दिसतं. दरवर्षी उतारा काढून हे दोन रकाने वाचायची सवय असावी.

नाव बदलण्याच्या अर्जावर दुसऱ्या बाजूने लेखी हरकत आली, की ग्रामपंचायतीने नोंद जैसे थे ठेवून पक्षकारांना न्यायालयात जायला सांगणं हेच बरोबर. हरकत असतानाही नाव बदललं गेलं असेल, तर त्या ठरावाची प्रत आणि हरकतीच्या अर्जाचा आवक क्रमांक, हे दोन कागद एकत्र ठेवून गटविकास अधिकाऱ्यांकडे जा.

ग्रामसभेची खरी ताकद सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणात दिसते. कलम ५३ ग्रामपंचायतीला सार्वजनिक रस्त्यावरचा आणि मोकळ्या जागेवरचा अडथळा काढण्याचा अधिकार देतं. पण रस्ता सार्वजनिक आहे, हे आधी सिद्ध व्हायला हवं. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या दप्तरातले दोन नमुने बघायचे: नमुना २३ ही ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही, नमुना २४ ही जमिनींची. सोबत भूमी अभिलेखातला गाव नकाशा. अनेक गावांत नमुना २३ मध्ये रस्त्याचं नाव आणि लांबी असते, रुंदीचा रकाना कोरा असतो. अशा वेळी त्या रस्त्यावर पूर्वी झालेल्या कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तक काढा. काँक्रिटीकरण, गटार किंवा पाइपलाइन झाली असेल तर त्यात रुंदी मीटरमध्ये लिहिलेली असते, आणि सरकारी पैशाने काम झालं म्हणजे तो रस्ता सार्वजनिक धरला गेला होता, हेही त्यातून दिसतं. हा पुरावा फार कमी लोक शोधतात.

नोटीस न देता जेसीबी लावला तर कारवाई न्यायालयात अडकते. नोटीस, म्हणणं मांडायला वाजवी मुदत, पंचनामा, मग कारवाई, हा क्रम सोडू नये. अतिक्रमण करणारा स्वतः सदस्य किंवा सरपंच असेल, तर कलम १४(१)(ज-३) प्रमाणे सरकारी किंवा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणामुळे तो अपात्र ठरतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. कुटुंबातल्या माणसाच्या नावावरचं अतिक्रमण दाखवून सदस्याला यातून सुटता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. पण या कलमाचा वापर गावातले हेवेदावे काढायला होतो, आणि मोजणीशिवाय केलेला अर्ज टिकत नाही. आधी मोजणी, मग अर्ज.

गायरानाबद्दल गैरसमज फार आहेत. गायरान गावाच्या वापरासाठी असलं तरी मालकी शासनाची. ग्रामसभेने ठराव करून ते कुणाला घरासाठी देता येत नाही. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे निर्देश दिले, आणि त्यानंतर १२ जुलै २०११ चा महाराष्ट्राचा शासन निर्णय आला. "ग्रामसभेने जागा दिली" म्हणून गायरानात पाया खोदणाऱ्या कुटुंबाला पुढे नोटीस येते तेव्हा त्यांच्या हातातला ठराव काही वाचवत नाही, आणि त्यांनी घातलेला पैसा बुडतो. असा ठराव मांडणाऱ्यांनी हे त्या कुटुंबाला आधी सांगायला हवं.

शेतरस्त्यात ग्रामसभा आणि तहसीलदार यांची कामं वेगळी. पाणंद रस्त्याच्या कामाला ग्रामसभेचा ठराव हवा. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा, तोही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेताला रस्ताच नसेल आणि बांधावरून हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. ही दोन कलमं एकाच अर्जात घुसडली की अर्ज हमखास लांबतो, कारण एकात जुनी वाट सिद्ध करायची असते आणि दुसऱ्यात गरज.

आता मोजणी, कारण तिच्याशिवाय वरचं बरंचसं हवेत राहतं. अर्ज ई-मोजणीवर होतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका (गावठाण-शहरातल्या जागेचा सरकारी उतारा), लगतच्या धारकांची पूर्ण नावं आणि पत्ते लागतात. डिसेंबर २०२४ च्या दरांप्रमाणे नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत. ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत नियमितला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये. मोजणी फसते ती बहुधा पत्त्यांमुळे. लगतधारकाचा पत्ता अपुरा, नोटीस परत येते, मोजणीच्या दिवशी तो हजर राहून म्हणतो मला नोटीसच नाही, आणि भूकरमापकाला परत जावं लागतं. उभं पीक, काढून टाकलेले हद्दीचे दगड, ही दुसरी कारणं. मोजणीनंतर 'क' प्रत मिळते. तिच्यात अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट यांतला फरक दिसतो. ती नीट वाचा, कारण भूकरमापक ताबा देत नाही, फक्त दाखवतो. मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते, ती वरचा अधिकारी करतो.

ही सोय गावठाणात मात्र वर्षानुवर्षं नव्हती. गावठाणाला सातबारा नसतो, आणि ज्या गावठाणाचं भूमापन झालेलं नाही तिथे मोजायचं कशाच्या आधारे? म्हणून पागोळ्यांच्या जागेवरून, सामाईक भिंतीवरून, मोरीच्या पाण्यावरून झालेली भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. स्वामित्व योजनेने ही उणीव भरून काढायला सुरुवात केली. ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात सोनोरी इथे आधी झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी योजना देशपातळीवर जाहीर झाली. उड्डाणाआधी मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखतात, भारतीय सर्वेक्षण विभाग छायाचित्रं घेतो, नकाशा तयार होतो, मग भूमी अभिलेख खात्याचा चौकशी अधिकारी मिळकतनिहाय चौकशी करतो आणि मिळकत पत्रिका व सनद तयार होते.

सेवा म्हणून हे काम मोलाचं आहे. पण त्यात चूक कुठे होते, ते माहीत हवं. ड्रोनला वरून छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. पत्रा दोन फूट बाहेर आलेला असेल तर चुन्याची रेघ भिंतीला धरून आहे की पत्र्याच्या कडेला, यावर दोन फुटांचा वाद उभा राहतो. चुना पडतो त्या दिवशी घरचं जाणतं माणूस हजर पाहिजे, आणि शेजाऱ्यासमोर रेघ कुठे पडली ते फोटोत धरून ठेवलं पाहिजे. रात्री पाऊस झाला तर रेघ जाते. उड्डाणाआधी ती पुन्हा आखून घ्या. चौकशीच्या वेळी खरेदीखत, जुने नमुना ८, वीजबिल, वाटणीपत्र हे सगळं एकदम द्या, "नंतर देतो" म्हणू नका. चौकशीचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत जिल्हा अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे अपील. ही मुदत चुकवून लोक ग्रामसभेत पत्रिका दुरुस्त करून मागतात. ग्रामसभेला ती दुरुस्त करता येत नाही.

खासगी वादात कुठे जायचं, ते थोडक्यात. फेरफारावर (सातबाऱ्यातल्या बदलाच्या नोंदीवर) हरकत नोटिशीपासून १५ दिवसांत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (आधीचे तलाठी), निर्णय मंडळ अधिकारी देतात, अपील ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे. वडिलोपार्जित शेतीचं संमतीने वाटप तहसीलदारांकडे कलम ८५ खाली. एकाची जरी संमती नसेल तर दिवाणी न्यायालय. आणि सर्वांत महत्त्वाचं: कुणी तुम्हाला जागेवरून बळजबरीने हुसकलं, तर विशिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम ६ खाली मालकी सिद्ध न करताही ताबा परत मागता येतो, पण दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. सुरुवातीला ज्या सहा महिन्यांबद्दल लिहिलं ते हेच. १५ ऑगस्टची सभा झाली, विषय पुढे ढकलला, २ ऑक्टोबरची तहकूब झाली, मग २६ जानेवारी. तोवर मुदत संपत आलेली किंवा संपलेली असते. मग मालकीवर आधारलेला दावा करता येतो, त्याला १२ वर्षांची मुदत आहे, पण तो लांब आणि खर्चाचा. ताबा गेला असेल तर पहिल्या आठवड्यात वकील गाठा, ग्रामसभा नंतर.

तंटामुक्त गाव समितीचा उल्लेख करायलाच हवा. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतल्या हद्दीच्या, पाण्याच्या भांडणात समिती मन लावून बसली तर फार चांगलं काम होतं. माणसं एकमेकांचं तोंड बघायला लागतात. अडचण तडजोडीच्या कागदाची आहे. समितीपुढचा समझोता हा हुकूमनामा नसतो. जागेचा हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जात असेल तर दस्त नोंदवावाच लागतो, साध्या स्टॅम्पवर भागत नाही. म्हणून समितीत जमलेली तडजोड तालुका विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीत न्या. दावा दाखल नसला तरी दाखलपूर्व प्रकरण म्हणून ती घेतली जाते, तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता.

जमिनीच्या हक्कात ग्रामसभेचा शब्द पहिला मानला जातो ते एक मोठं क्षेत्र म्हणजे वनहक्क. २००६ च्या वनहक्क कायद्यात दावे मागवणं, पडताळणं आणि ठराव करून वर पाठवणं हे ग्रामसभेचंच काम. इथे गणपूर्ती निम्म्या सभासदांची, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो याच वाटेने. गणपूर्तीचा कागद कच्चा राहिला म्हणून दावा उपविभागीय समितीतून परत येतो. सह्या आणि अंगठे मतदार यादीच्या क्रमाने घेतले तर हा धोका टळतो.

गुण द्यायचे तर सार्वजनिक रस्ता, बोळ आणि मोकळ्या जागेसाठी ग्रामसभेला पाचपैकी चार, एक गुण जातो अंमलबजावणीच्या ढिलाईसाठी. नमुना ८ च्या सेवेला तीन: उतारा स्वस्त आणि लवकर मिळतो, आतल्या नोंदी विश्वासाच्या नाहीत. स्वामित्वला साडेतीन. खासगी मालकीच्या वादासाठी ग्रामसभेला शून्य, कारण ते तिचं कामच नाही, आणि तिथे घालवलेला वेळ परत येत नाही.

ठराव झाला आणि काम अडलं, तर माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. मागायचं ते एवढंच: "दिनांक अमुकच्या ग्रामसभेची नोटीस, हजेरी पत्रक, ठराव क्र. अमुकची प्रमाणित प्रत, त्या ठरावावर आजपर्यंत केलेल्या कार्यवाहीचा पत्रव्यवहार, आणि नमुना २३ मधील संबंधित पान." प्रतींना पानामागे २ रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील पंचायत समितीत, आणि त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. "का केलं नाही" असा प्रश्न अर्जात लिहू नका; कारणं विचारली की "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर देता येतं, कागद मागितला की तो द्यावा लागतो किंवा नाही असं लेखी सांगावं लागतं. हे लेखी उत्तर पुढे गटविकास अधिकाऱ्यांपुढे आणि न्यायालयात दोन्हीकडे उपयोगी पडतं.